चंद्रावरचा झेंडा नको, त्यामागचं कारण बदला : विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना खुलं पत्र

मित्रहो, सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवायचे दिवस जवळ आले आहेत. विज्ञानकथेच्या वाट्याला जी काही पानं येतात, त्यांत अंतराळयुगाच्या सुरुवातीचा पर्यायी इतिहास अधूनमधून वाचायला मिळतो. अशा कथा मी शोधून शोधून वाचतो आणि त्या आणखी लिहिल्या जाव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच एक तक्रार आणि दोन मागण्या घेऊन हे पत्र लिहितो आहे.

तक्रार अशी, की या कथांमध्ये बहुतेक वेळा फक्त झेंडा बदललेला असतो. जुलै १९६९मध्ये चंद्रावर अमेरिकेऐवजी सोव्हिएत संघाचा माणूस उतरतो, वॉशिंग्टन हादरतं आणि पुढची सगळी पानं राजकारणात खर्ची पडतात. तो माणूस तिथवर पोहोचला कसा, याचा पत्ता नसतो. फार तर एखादं वाक्य येतं, की मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह अकाली गेले नसते तर हे घडलंच असतं. एवढं लिहिलं की कारण दिलं, असं आपण समजून चालतो.

हे कारण खोटं नाही, पण फार उथळ खोदलेलं आहे. सेर्गेई कोरोल्योव्ह म्हणजे स्पुतनिकपासून गागारीनच्या उड्डाणापर्यंत आणि लिओनोव्हच्या अंतराळातल्या चालण्यापर्यंत सगळ्याच्या मुळाशी असलेला माणूस. हयात असेपर्यंत त्याचं नाव जगाला कळू दिलं नव्हतं. १४ जानेवारी १९६६ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, मॉस्कोत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. करणारे होते खुद्द आरोग्यमंत्री बोरिस पेत्रोव्स्की. आतड्यातली छोटीशी गाठ काढायची होती, प्रत्यक्षात मोठा ट्यूमर निघाला, आणि कोरोल्योव्ह त्यातून उठले नाहीत. त्यांच्या चरित्रांमध्ये आणखी एक तपशील येतो. श्वासनलिकेत नळी घालताना डॉक्टरांची अडचण झाली, कारण त्यांचा जबडा पुरेसा उघडत नव्हता, आणि तो जबडा १९३८मध्ये चौकशीच्या वेळी झालेल्या मारहाणीत मोडला होता, असं सांगितलं जातं.

माझ्या मते कथा सुरू व्हायला हवी ती तिथून, १९३८पासून. मॉस्कोत रॉकेटवर काम करणारी एक संस्था होती. तिचे प्रमुख क्लेयमेनोव्ह आणि त्यांचे सहायक लांगेमाक यांना स्टालिनच्या दडपशाहीत त्या वर्षीच्या जानेवारीत गोळ्या घातल्या गेल्या. मार्चमध्ये इंजिनांचे जाणकार वालेन्तिन ग्लुश्को यांना अटक झाली आणि २७ जूनला कोरोल्योव्ह यांना. छळ करून घेतलेल्या जबान्यांमध्ये सहकाऱ्यांकडून सहकाऱ्यांचीच नावं वदवून घेतली गेली. कोरोल्योव्ह यांची रवानगी ईशान्य सैबेरियातल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणीवर झाली, तिथे दात गेले, तब्येत कायमची खालावली. पुढे त्यांना कैदी इंजिनिअरांच्या कचेरीत आणलं, तिथेही ग्लुश्को होतेच, आणि १९४४मध्ये सुटका झाली. एकाच धंद्यातली दोन अव्वल माणसं, आणि दोघांच्या मध्ये तुरुंगाची ही वर्षं. यानंतर १९६०च्या दशकात ते एकमेकांचं ऐकत नव्हते हे वाचताना मला तरी नवल वाटत नाही.

त्यांचं भांडण कशावरून झालं, हे कथाकारांनी नीट समजून घ्यावं, कारण खरं नाट्य तिथेच आहे. चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटला इंधन कोणतं वापरायचं, हा तो वाद. ग्लुश्कोंना हायड्राझीनच्या जातीचं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड हवं होतं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की आपोआप पेटतात, साठवायला सोपी पडतात, इंजिनही सोपं होतं. पण ती जहाल विषारी. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बायकोनूरच्या सोव्हिएत रॉकेटतळावर असंच इंधन भरलेलं क्षेपणास्त्र उड्डाणाच्या तयारीतच पेटलं आणि क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेदेलिन यांच्यासह कितीतरी माणसं जागच्या जागी जळाली. माणसं बसणाऱ्या रॉकेटला हे इंधन नको, असं कोरोल्योव्ह यांचं म्हणणं होतं. त्यांना केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन हवा होता. ग्लुश्कोंची अडचणही खोटी नव्हती. केरोसीनच्या मोठ्या इंजिनात ज्वलन अस्थिर होतं, दाबाच्या लाटा उठतात आणि क्षणात इंजिनाच्या चिंधड्या होतात. दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही. शेवटी कोरोल्योव्ह गेले कुइबिशेवला (आजचं समारा), निकोलाय कुझनेत्सोव्ह यांच्याकडे. ते विमानांची इंजिनं बनवणारे, रॉकेटचा फारसा अनुभव नसलेले. त्यांनी इंजिन उत्तम बनवलं, पण लहान. म्हणून एन-१ या चांद्ररॉकेटच्या पहिल्या टप्प्याला तब्बल ३० इंजिनं लावावी लागली. अमेरिकेच्या सॅटर्न-५ला पाचच होती.

आता या ३० इंजिनांचं पुढे काय झालं ते पाहा. त्यांतल्या काही झडपा एकदाच चालणाऱ्या होत्या. एकदा पेटवून पाहिलेलं इंजिन पुन्हा रॉकेटला लावता येत नसे. म्हणून प्रत्येक तुकडीतली काही इंजिनं पेटवून बघायची आणि ती चालली की उरलेली चांगली आहेत असं धरून चालायचं. तीसही इंजिनं एकत्र जमिनीवर पेटवून बघायला मोठा टेस्ट स्टँड लागतो. तो बांधायला पैसा आणि वेळ नाही, असं ठरलं. तो बांधलाच नाही. तीस इंजिनांचा तो संच पहिल्यांदा एकत्र पेटला तो थेट उड्डाणाच्या वेळी, २१ फेब्रुवारी १९६९ रोजी, आणि साधारण सव्वा मिनिटाच्या आत खेळ आटोपला. ३ जुलैला दुसरं रॉकेट उठून परत स्वतःच्याच मंचावर कोसळलं आणि मंच उद्ध्वस्त झाला. अपोलो-११ त्यानंतर तेराव्या दिवशी निघालं. १९७१ आणि १९७२मधली उड्डाणंही फसली, शेवटचं तर पहिल्या टप्प्याचं काम संपायला काही सेकंदच उरलेले असताना.

अमेरिकेतही सगळं सुरळीत नव्हतं. सॅटर्नच्या एफ-१ इंजिनाला हाच अस्थिर ज्वलनाचा रोग होता. १९६२च्या जूनमध्ये त्याने एक इंजिन स्टँडवरच फोडलं. मग इंजिनिअरांनी काय केलं, तर पेटलेल्या इंजिनाच्या ज्वलनकक्षात मुद्दाम लहान बॉम्ब फोडायला सुरुवात केली. लाट उठवायची आणि ती किती वेळात शमते ते मोजायचं. इंधन जिथून आत फवारलं जातं त्या इंजेक्टरच्या तबकडीवर तांब्याच्या आडव्याउभ्या पट्ट्या बसवायच्या, भोकांचे कोन बदलायचे, परत बॉम्ब. असं करत करत लाट सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आपोआप शमू लागली. उड्डाणाला जाणारा सॅटर्नचा प्रत्येक पहिला टप्पा आधी जमिनीला जखडून पूर्ण पेटवला जायचा. चंद्राची शर्यत जिंकली ती या कंटाळवाण्या, महागड्या, कानठळ्या बसवणाऱ्या कामाने. एकाही मराठी कथेत हा टेस्ट स्टँड मला अजून भेटलेला नाही, याची खंत वाटते.

एवढं सांगितल्यावर नुसती टीका करून थांबणं बरोबर नाही. माझ्या मनातला पर्यायी इतिहास मांडतो. पुढचे दोन परिच्छेद, जिथे खरं म्हणून सांगितलं आहे तेवढं सोडून, संपूर्ण कल्पित समजावेत.

१९३८मध्ये त्या संस्थेच्या दारात गाड्या येतच नाहीत. क्लेयमेनोव्ह, लांगेमाक, ग्लुश्को, कोरोल्योव्ह सगळे कामावर राहतात. वाद होतात, ते आधीही होत होते, पण ते बैठकीत होतात आणि बैठकीतच राहतात. महायुद्ध व्हायचं ते होतंच. स्पुतनिक १९५७मध्ये जातो, गागारीन १९६१मध्ये. बदल दिसतो तो १९६२मध्ये. ग्लुश्को केरोसीनचं मोठं इंजिन घ्यायला तयार होतात आणि अस्थिर ज्वलनावर तोड काढतात : एका पंपावर चार लहान ज्वलनकक्ष. (ही तोड मी त्यांच्या तोंडी उगाच घातलेली नाही. त्यांनी आधी आणि नंतर खरोखर अशीच इंजिनं बनवली.) इंजिनांची संख्या घटते. आणि दोघे मिळून टेस्ट स्टँडसाठी हट्ट धरतात. चंद्रावर माणूस उतरवायचा सोव्हिएत निर्णय खऱ्या इतिहासात ऑगस्ट १९६४मध्ये झाला, केनेडींच्या चांद्रमोहिमेच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी. तो निर्णय मी आणखी आधी झाल्याचं दाखवत नाही, कारण एका कथेत एकच कारण बदलावं असं मला वाटतं. त्यात टेस्ट स्टँडची दोन वर्षं धरा. जुलै १९६९मध्ये आर्मस्ट्राँग उतरतो तेव्हा एन-१ बायकोनूरच्या स्टँडवर जखडलेल्या अवस्थेत जळत असतो. म्हणजे माझ्या कथेतही सोव्हिएत माणूस पहिला नाही.

पण ते रॉकेट चालतं. अमेरिकेचे टेहळणी उपग्रह एन-१चे फोटो काढत होते, हे खरं आहे. माझ्या कथेत त्या फोटोंत स्टँडवर पडलेले ज्वाळांचे काळे डाग दिसतात, आणि १९७०मध्ये अपोलोच्या शेवटच्या तीन मोहिमांवर काट मारायचं धाडस कुणाला होत नाही. १९७२मध्ये सोव्हिएत अंतराळवीर उतरतो, एकटा. दोघांचं यान कक्षेत, पण लँडर फक्त एकाचं, हा आराखडा खराच होता. दोन यानांमध्ये आतून जायला वाटही नव्हती. उतरणाऱ्याने यानाच्या बाहेर पडून, कठडे धरून लँडरमध्ये शिरायचं होतं. जानेवारी १९६९मध्ये सोयुझ-४ आणि ५च्या वेळी ख्रुनोव्ह आणि येलिसेयेव्ह एका यानातून दुसऱ्यात बाहेरून गेले, ती याचीच तालीम. चांद्रपोशाखाच्या मागे एक मोठं कडं लावायचं ठरलं होतं, कारण पाठीवर पडला तर त्याला उठवायला तिथे कुणीच नसणार. कडं जमिनीला टेकवून कुशीवर वळायचं आणि उठायचं. आता कथाकारांनी मला सांगावं : झेंडा रोवण्याचा प्रसंग मोठा की तो एकटा माणूस धुळीत पाठीवर पडलेला असताना, डोक्यावरून जाणाऱ्या सोबत्याला तो दिसत नसतानाचा प्रसंग मोठा? साहित्याचा ऐवज कुठे आहे?

खऱ्या इतिहासाने काय केलं तेही सांगतो. १९७४मध्ये ग्लुश्को कोरोल्योव्ह यांच्याच संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांनी एन-१ बंद केलं. तयार रॉकेटं मोडीत निघाली. टाक्यांचे तुकडे बायकोनूरमध्ये शेडवर छप्पर म्हणून चढले. इंजिनं नष्ट करायचा हुकूम कुझनेत्सोव्ह यांनी मानला नाही, ती गोदामात दडवून ठेवली. चार दशकांनी, २०१३मध्ये, त्याच घराण्यातली इंजिनं एका अमेरिकी रॉकेटखाली पेटली. एवढं सगळं घडून गेलेलं असताना आपण नुसते झेंडे बदलत बसतो, याचं वाईट वाटतं.

दुसरा एक फाटा मला फार जवळचा वाटतो. २० सप्टेंबर १९६३ रोजी केनेडी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि चंद्रावर अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मिळून का जाऊ नये, असं त्यांनी विचारलं. १२ नोव्हेंबरला त्यांनी नासाच्या प्रमुखांना सहकार्याचे प्रस्ताव तयार करण्याचा लेखी आदेश दिला. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं मन वळत होतं, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं आहे. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, केरळच्या किनाऱ्यावर थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं नाइके-अपाची, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं, आणि त्या तळासाठी संगणक आणि हेलिकॉप्टर सोव्हिएत संघाने दिलं. मच्छीमारांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये कार्यालय थाटलेलं. संध्याकाळच्या आकाशात सोडियमचा नारिंगी ढग पसरला तेव्हा जगातल्या दोन वैऱ्यांचं सहकार्य एका छोट्याशा जागेत प्रत्यक्ष चालू होतं. केनेडी जगले असते आणि ख्रुश्चेव्ह १९६४मध्ये पदच्युत झाले नसते, तर? ही कथा भारतीय लेखकाने लिहायला हवी, कारण तिचा एक कोपरा खरोखरच आपल्याकडे आहे. मात्र कृपा करून त्यात पुण्याचा किंवा नाशिकचा नायक बळेच बायकोनूरला नेऊन बसवू नका. थुंबाचं तेवढं पुरे आहे.

स्त्रियांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथलं कारण शोधायला फार खोदावंही लागत नाही. अमेरिकेत १९६०-६१मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका दवाखान्यात स्त्री वैमानिकांच्या त्याच वैद्यकीय चाचण्या घेतल्या गेल्या ज्या मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीर कार्यक्रमातल्या पुरुषांच्या घेतल्या होत्या. तेरा जणी उतरल्या. पुढच्या चाचण्या ऐन वेळी रद्द झाल्या. जुलै १९६२मध्ये संसदेच्या उपसमितीपुढे जेरी कॉब आणि जेनी हार्ट यांनी बाजू मांडली, पण अट आडवी आली : उमेदवार जेट विमानांचा चाचणी वैमानिक हवा. आणि लष्कराच्या चाचणी वैमानिकांच्या शाळेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. अंतराळात गेलेली पहिली स्त्री, सोव्हिएत संघाची तेरेश्कोव्हा, १९६३च्या जूनमध्ये गेली, तिच्यानंतरची दुसरी स्त्री १९८२मध्ये आणि पहिली अमेरिकन सॅली राइड १९८३मध्ये. इथे युद्ध, क्रांती, हत्या काही लागत नाही. नियमावलीतली एक अट बदला आणि पाहा कथा कुठे जाते. ही कथा एखाद्या लेखिकेने लिहावी असं मला फार वाटतं.

आणि एक विनवणी. पर्यायी इतिहास लिहिताना, आधी नाझी जर्मनीसाठी व्ही-२ आणि पुढे अमेरिकेसाठी सॅटर्न बनवणाऱ्या फोन ब्राउन यांना आणा, जरूर आणा, पण डोरा ही छळछावणी वगळू नका. व्ही-२ रॉकेटं डोंगरातल्या ज्या बोगद्यांत बनली तिथे आणि त्या छावणीच्या जाळ्यात सुमारे ६० हजार कैदी राबवले गेले, त्यांतले किमान २० हजार मेले. इतिहास पर्यायी असला तरी त्या माणसांना दुसऱ्यांदा पुसून टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

आता संपादकांना मागण्या. पहिली मागणी पानांची. अशा कथेला तांत्रिक तपशील लागतो आणि जागा कमी पडली की कात्री पहिल्यांदा त्यालाच लागते. इंजिन कापून प्रेमप्रकरण ठेवलं तर कारण जातं आणि उरतो तो झेंडा. दोन कथांऐवजी एकच घ्या, पण पूर्ण घ्या.

दुसरी मागणी जास्त महत्त्वाची. कथेच्या शेवटी अर्ध्या पानाची टीप छापा : यातलं खरं काय आणि कल्पित काय. हे मी का म्हणतो ते सांगतो. २३ मार्च १९६१ रोजी वालेन्तिन बोन्दारेन्को नावाचा तरुण सोव्हिएत अंतराळवीर ऑक्सिजनने भरलेल्या बंद खोलीत प्रशिक्षण घेताना भाजून मेला. अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तापलेल्या शेगडीवर पडला, एवढंच निमित्त. ही गोष्ट जवळजवळ पंचवीस वर्षं लपवून ठेवली गेली. अशा लपवाछपवीमुळेच अंतराळात हरवलेल्या, नाव पुसून टाकलेल्या सोव्हिएत वीरांच्या कहाण्या पिकल्या. त्यातल्या कुठल्याच कहाणीला कागदपत्रं खुली झाल्यावरही पुरावा मिळाला नाही. तरीही त्या आजही व्हॉट्सॲपवर खऱ्या म्हणून फिरतात. आपली चांगली कथाही उद्या तशीच, लेखकाचं नाव उडवून, बातमी म्हणून फिरेल. शाळेतली मुलं ती वाचतील. बोन्दारेन्कोचं खरं मरण आणि कुणाच्या तरी कल्पनेतलं मरण यांत त्यांना फरक करता आला पाहिजे.

टीप लिहायला लेखक कंटाळत असतील तर संपादकांनी ती मागून घ्यावी, आणि टीप नसेल तर कथा परत पाठवावी. तारखा, आकडे, इंजिनांचे तपशील ताडून पाहायला कुणी हवं असेल तर माझ्यासारखे वाचक आनंदाने बसतील, मानधनाची अपेक्षा नाही. अंक छपाईला जायच्या आधी, गणपतीपर्यंत कथा हातात आली, तर तेवढा वेळ पुरतो.

आपला स्नेहांकित,
एक वाचक